आमची पद्मिनी, बारा-तेराचा पाना आणि मी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा मी आधी नकोच म्हणालो. आयुष्यभर मी लिहिलं ते कर्जाच्या प्रस्तावांवरचे शेरे. पण सचिवांनी विषयच हातात दिला. "काका, तुमच्या त्या गाडीवर लिहा. सोसायटीच्या इतिहासात तीसुद्धा आहेच की." हे मात्र खरं आहे. २००० साली आपण बेलवलीत राहायला आलो तेव्हा आवारात चारचाकी फक्त दोन होत्या. त्यातली एक गेली. दुसरी, म्हणजे आमची पांढरी प्रीमियर पद्मिनी, आजही ए विंगच्या जिन्याशेजारी उभी आहे आणि अजून चालते आहे. ती चालते कशी, आणि पंचाहत्तरी गाठलेला म्हातारा रविवारी सकाळी बनियनवर तिच्या बॉनेटमध्ये डोकं खुपसून काय करतो, हे बऱ्याच जणांनी विचारलं आहे. त्याचं उत्तर आज एकदाच लेखी देतो.

आधी थोडा इतिहास सांगतो, कारण तो आपल्याच लोहमार्गावर घडला आहे.

सोलापूरला १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी जहाज कंपनी काढली, बंगळूरला विमानाचा कारखाना उभा केला आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कारखाना कुर्ल्याला. सुरुवातीला तिथे अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज आणि प्लिमथ गाड्यांची जुळणी होत असे. पुढे पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटशी करार झाला आणि लहान गाड्या येऊ लागल्या. त्यातलीच एक, पुढून फुगीर नाकाची, लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हणून ओळखली. १९६४ साली फियाट अकराशे डिलाइट आली. फियाटशी असलेला करार संपल्यावर १९७३-७४ च्या सुमारास तिचं नाव आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झालं. नाव बदललं, पण गाडी जवळजवळ तीच राहिली. चार सिलिंडरचं १,०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि पुढे तिघं बसतील असं सलग सीट.

इटलीत हे मॉडेल १९६६ साली बंद झालं. कुर्ल्यात ते त्यानंतर तीसहून अधिक वर्षं बनत राहिलं. त्या काळी गाडी घ्यायची म्हणजे नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. पर्याय म्हणजे अँबेसिडर, फियाट आणि स्टँडर्ड, बस्स. स्पर्धा नव्हती, परवाना पद्धत होती, त्यामुळे कंपनीला गाडी सुधारायची घाई नव्हती. याबद्दल आपण सगळ्यांनी शिव्या घातल्या आणि त्या योग्यच होत्या. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा लोक तिकडे धावले यात नवल नाही.

पण या न सुधारण्याचा एक फायदा झाला, तो तेव्हा कोणाच्या लक्षात आला नाही. गाडी बदललीच नाही, त्यामुळे तिचं ज्ञान जुनं झालं नाही. १९६५ साली जो मेकॅनिक शिकला त्याची विद्या १९९५ साली तशीच चालत होती. एका गाडीचा पार्ट दुसऱ्या गाडीला बसत होता. मुंबईच्या टॅक्स्या जवळजवळ सगळ्या पद्मिनी असल्यामुळे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तिचा प्रत्येक नट-बोल्ट मिळत होता. माझ्यासारखा बी.कॉम. झालेला, हातात पेनाशिवाय काही न धरलेला माणूसही ती गाडी शिकू शकला, याचं कारण हेच.

मी शिकलो ते लोकलमध्ये. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी कल्याणहून फोर्टमधल्या शाखेत जात असे. आमच्या डब्यात प्रीमियरमध्ये काम करणारे तीन-चार जण असत, ते कुर्ल्याला उतरत. पत्ते खेळता खेळता त्यांचं बोलणं चालायचं ते संप, बोनस आणि इंजिनं यांवर. त्यांच्यातले एक लेथवर होते. १९८८ साली मी बँकेच्या वाहनकर्जातून ठाण्याच्या एका डॉक्टरांची १९७९ सालची पद्मिनी घेतली, तेव्हा तेच गृहस्थ रविवारी घरी आले. सोबत दोनच वस्तू होत्या, एक बारा-तेराचा पाना आणि एक फीलर गेज. म्हणाले, "साहेब, गाडी घेतली म्हणजे ती तुमची झाली असं नाही. जी उघडता येते तीच आपली."

त्या दिवशी त्यांनी मला पॉइंट सेट करायला शिकवलं. तरुण वाचकांसाठी सांगतो. या गाडीत कॉम्प्युटर नाही. प्लगला ठिणगी कधी द्यायची हे एक लहानसा स्विच ठरवतो, त्याला पॉइंट म्हणतात. तो ज्या डबीत बसतो ते डिस्ट्रिब्युटर, मेकॅनिक लोक त्याला 'डेल्को' म्हणतात. इंजिन फिरतं तसा पॉइंट उघडतो आणि मिटतो. उघडला की ठिणगी पडते, आधी एक नंबरला, मग तीन, चार आणि दोन. उघडल्यावर त्यात अर्ध्या मिलिमीटरहूनही थोडी कमी फट असावी लागते. फट कमी-जास्त झाली की गाडी सकाळी रुसते, चढावर दम टाकते. पॉलिश पेपरने पॉइंट घासायचा, गेजचं पान आत सरकवायचं, आणि पान अडकूही नये, सैलही जाऊ नये असा स्क्रू आवळायचा. तो अंदाज बोटांना येतो. मला तो यायला चार रविवार लागले.

मग एकेक करत पुढे गेलो. प्लग साफ करणं, कार्ब्युरेटरचे जेट फुंकणं, फॅन बेल्ट बदलणं, टॅपेट लावणं, ग्रीस मारणं. सगळं एका ट्रंकेत मावेल एवढ्या हत्यारांत. माझ्या गाडीच्या छापील पुस्तकात ही कामं कशी करायची ते दिलेलं होतं. म्हणजे मालकाने ती करावीत हे गृहीतच होतं! आजच्या गाडीचं पुस्तक बघा, त्यात बहुतेक पानांवर 'अधिकृत केंद्राशी संपर्क साधा' असं असतं.

बोरघाटात शिकलो ते वेगळंच. मे महिन्यात पुण्याला निघालो की खोपोली सोडून वर चढताना गाडी हमखास बंद पडायची. शिंगरोबाच्या देवळापाशी नारळ वाहायला थांबलेल्यांत निम्मे आमच्यासारखे नाइलाजाने थांबलेले! कारण साधं होतं. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनलाच जोडलेला. घाटात वेग कमी म्हणून वारा कमी, इंजिन तापलेलं, त्यामुळे पंपातल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाला द्रव ओढता येतो, वाफ ओढता येत नाही. उपाय म्हणजे ओलं फडकं पंपावर ठेवून दहा मिनिटं गप्प बसायचं. सौ. त्या दहा मिनिटांत पिशवीतला डबा उघडायची. माझ्या मुलांना घाट आठवतो तो बटाट्याच्या भाजीच्या वासासकट.

आता आपल्या सोसायटीकडे येतो.

२००० साली आपण इथे आलो. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीपासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकी झिजतील म्हणून गॅरेजवाले घाबरवत होते. मी टॅपेट जास्त वेळा तपासू लागलो, एवढंच. पण खरी परीक्षा झाली ती २६ जुलै २००५ ला. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे सगळ्यांना पाठ आहे. आपल्याकडे उल्हास नदी आत आली, ती मात्र आपणच पाहिली. आपल्या पार्किंगमध्ये डॅशबोर्डपर्यंत पाणी होतं. तळमजल्यावरच्या मंडळींना आपण वरच्या मजल्यांवर घेतलं आणि दोन रात्री कोणाच्याही घरात कोणीही जेवलं. सोसायटी नोंदणी कार्यालयात झाली ती कागदावर. खरी झाली ती त्या दोन रात्रींत, असं मला वाटतं.

पाणी ओसरल्यावर गाड्या बाहेर काढल्या. तोवर सात झाल्या होत्या. नव्या गाड्यांचे कॉम्प्युटर गेले होते. दोन गाड्यांना मालकांनी घाईने सेल्फ मारला आणि इंजिनं कायमची गेली. कारण सिलिंडरमध्ये पाणी असलं तर ते दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. मला हे लोकलमधल्या मित्राने कधीतरी सांगितलेलं होतं, म्हणून मी किल्लीला हात लावला नाही. आधी चारही प्लग काढले आणि इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढलं. ऑइल काढलं तर ते दुधाच्या चहासारखं झालेलं. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल, तिन्ही ठिकाणचं ऑइल दोनदा बदललं. पेट्रोलची टाकी उतरवून उन्हात वाळवली. डायनॅमो आणि सेल्फ अंबरनाथच्या इलेक्ट्रिशियनकडे सुकवायला दिले. चारही चाकांचे ड्रम उघडून गाळ धुतला. सीट तर महिनाभर गच्चीवर होती, आणि तिच्यावर बसून बी विंगमधल्या मुलांनी गोकुळाष्टमीच्या बैठका घेतल्या! चोविसाव्या दिवशी गाडी चालू झाली. त्या दिवशी पार्किंगमध्ये ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यातले काही आज आपल्यात नाहीत.

टाळ्या वाजवणाऱ्यांनीच पुढे नोटीस दिली, हेही इतिहासाला धरून सांगितलं पाहिजे. २०१४ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत 'पार्किंगमधील नादुरुस्त वाहने हटविणे' असा विषय आला. नादुरुस्त हा शब्द मला लागला. मी उभा राहून सांगितलं की आत्ता खाली चला, पहिल्या सेल्फला चालू झाली नाही तर उद्या भंगारात देतो. कोणी आलं नाही. पण फरशीवर ऑइलचे डाग पडतात ही तक्रार खरी होती, पेट्रोलचा वास वर जातो हीही खरी होती. शेवटी ठराव झाला, गाडीखाली पत्र्याचा ट्रे ठेवावा आणि काम फक्त रविवारी सकाळी आठ ते अकरा करावं. हा ठराव मी आजवर मोडलेला नाही. इतिवृत्तात नोंद आहे.

दरम्यान बाहेरचं जग बदलत होतं. कुर्ल्याचं उत्पादन २००० नंतर थांबलं. डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावर याच कंपनीचा दुसरा कारखाना होता, तिथे नव्वदच्या दशकात प्यूजो गाड्या बनल्या. तोही बंद पडला. टॅक्स्यांना आधी २५ आणि मग २० वर्षांची वयोमर्यादा आली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळ्या-पिवळ्या पद्मिनीचं युग संपलं. बातमी वाचून सौ. म्हणाली, "आता पार्ट कुठून आणणार?" तिने नेमकं दुखणं ओळखलं होतं. टॅक्स्या होत्या म्हणून दुकानं होती. आता एकेक रबर किट कुर्ला, चोर बाजार आणि उल्हासनगर इथे शोधावं लागतं. ड्रम घासून घ्यायला अंबरनाथच्या लेथवाल्याकडे जातो. खासगी जुन्या गाडीला आपल्याकडे रस्त्यावर बंदी नाही, पण दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाली होती. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून पंपाचा पडदा आणि सगळे पेट्रोलचे पाइप मी बदलून घेतले.

पुण्याचा थोरला म्हणतो, "बाबा, ही गाडी म्हणजे तुमचा एनपीए आहे. राइट-ऑफ करा." मी त्याला म्हणतो, व्याज नियमित येतंय तोवर खातं एनपीए होत नाही. हे व्याज म्हणजे काय, ते मात्र मला त्याला नीट सांगता आलेलं नाही.

गाडीचं वय झालं तसं माझंही झालं. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आहे. गेजच्या पानावरचा आकडा आता बॅटरी धरून वाचतो. गाडीखाली झोपत जाता येतं, बाहेर येताना मात्र वॉचमनला हाक मारावी लागते. लायसन्सला दर पाच वर्षांनी डॉक्टरांचा दाखला लागतो, तो मिळतो. पण डोळे आणि गुडघे तपासणारा डॉक्टर जे तपासत नाही, ते तीन वर्षांपूर्वी कळलं. ही गोष्ट मी आजवर सोसायटीत कोणाला सांगितलेली नाही.

मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक गळत होता. शनिवारी किट आणलं, रविवारी बसवलं. ब्रेकमधली हवा काढायला सौ. नेहमीप्रमाणे पेडलवर बसली. "दाब... धर... सोड." चाळीस वर्षांच्या संसारात ती माझं एवढं निमूट ऐकते ते एवढ्याच वेळी! चाक लावलं, बोल्ट हाताने बसवले, जॅक उतरवला. जॅक उतरवल्यावर शेवटचं करकचून आवळायचं असतं. तेवढ्यात पाण्याचा टँकर आला म्हणून कोणीतरी हाक मारली. मी गेलो, आलो, ट्रे उचलला, हात धुतले. आवळायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार. आम्ही दोघं अंबरनाथच्या शिवमंदिरात निघालो. रस्त्यात मागून खडखड ऐकू येऊ लागली. मी म्हटलं रस्ता खराब आहे. सौ. म्हणाली, "रस्ता नाही, गाडी थांबवा." थांबवली. उतरून पाहिलं तर चाकाचे बोल्ट बोटांनी फिरत होते. आणखी एखादा किलोमीटर गेलो असतो तर चाक निघालं असतं. बाजूने टँकर आणि रिक्षा चालल्या होत्या. मी पाना काढून तिथेच आवळलं. हात थरथरत होते, ते वयाने नव्हेत.

देवळात आम्ही दोघंही काही बोललो नाही. परत येताना तिने एवढंच विचारलं, "बँकेत एवढ्या मोठ्या रकमेचं व्हाउचर तुम्ही एकट्याने पास केलं असतं का?"

बँकेतल्या मंडळींना हे सांगायला नको. एकाने व्हाउचर बनवायचं, दुसऱ्याने तपासून सही करायची. मेकर वेगळा, चेकर वेगळा. माणूस अप्रामाणिक असतो म्हणून हा नियम नाही. प्रामाणिक माणूसही चुकतो, आणि आपली चूक आपल्याला दिसत नाही, म्हणून तो नियम आहे. अडतीस वर्षं मी तो दुसऱ्यांना शिकवला आणि घरी पार्किंगमध्ये विसरलो. तरुणपणी विसरलो असतो तरी ते चूकच ठरलं असतं. पण तेव्हा हात आवळायचं विसरत नव्हते, म्हणून निभावलं.

त्या आठवड्यात मी एक वही केली. चार रकाने: तारीख, काम, करणार, तपासणार. चौथ्या रकान्यात सही झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नाही. काही कामं मी सोडली. गाडीखालचं काम एकट्याने करायचं नाही, आणि नुसत्या जॅकवर तर कधीच नाही, लोखंडी स्टँड लावूनच. ब्रेक अंबरनाथचा मिस्त्री करतो, मी तपासतो. पॉइंट, प्लग, कार्ब्युरेटर आणि टॅपेट अजून माझ्याकडे आहेत.

माझा चेकर कोण? सी विंगमधली मुलगी, मेकॅनिकलच्या डिप्लोमाला आहे. पहिल्या रविवारी ती कुतूहलाने उभी राहिली होती. मी म्हटलं, नुसतं बघू नकोस, सही कर. तिने सही करण्याआधी पाना मागितला आणि प्रत्येक बोल्ट स्वतः आवळून बघितला. मला तेव्हाच कळलं की चेकर बरोबर निवडला आहे. "आजोबा, कॉलेजात कार्ब्युरेटर चित्रातच असतो," असं ती म्हणाली होती. आता तिने तो तीनदा उघडून परत जोडला आहे.

गेल्या महिन्यापासून वहीत एक बदल झाला आहे. पॉइंटच्या ओळीत 'करणार'च्या रकान्यात तिची सही असते आणि 'तपासणार'च्या रकान्यात माझी. एकदा तिने लावलेली फट मला जास्त वाटली. बॅटरी लावून गेजचं पान सरकवलं. फट बरोबर होती, चूक माझ्या डोळ्याची होती. मी सही केली.

बारा-तेराचा तो जुना पाना सध्या तिच्याकडे आहे. फीलर गेज अजून माझ्याकडे आहे. रविवारी आठ ते अकरा आम्ही खालीच असतो. ट्रे ठेवलेला असतो, ठरावाप्रमाणे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी यावं. वहीत रकाना आहे.